तीळ शोधायला पाठ नको, आधी टाच उलटी करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातले ऊस करणारे कुटुंब. ऑस्ट्रेलियात नोकरीला असलेल्या भाच्याने फोनवर सांगितले की तिकडे बरेच लोक अंगावरचे तीळ डॉक्टरांकडून तपासून घेतात, उन्हाने मेलानोमा नावाचा कॅन्सर होतो, तुम्ही तर दिवसभर रानात असता, तुम्हीही बघून घ्या. विचारणाऱ्यांच्या अंगावर पुष्कळ तीळ आहेत, म्हणून धोका किती आणि घरच्या घरी तपासायचे कसे, हे त्यांना हवे आहे. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: बासष्ट वर्षांच्या वडिलांच्या टाचेला वर्षभर काळे कुरूप आहे, ब्लेडने तासले, बिब्बा घातला, पण जात नाही, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

संबंध आहे. अख्ख्या प्रश्नात काळजी करण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे. पाठीवरच्या तिळांचे नंतर बघू. वडिलांना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि तोवर त्या टाचेला ब्लेड, बिब्बा, कॉर्न कॅप, काहीही लावू नका. ते कुरूपच निघण्याची किंवा बिब्ब्याने भाजलेली कातडी निघण्याची शक्यता भरपूर आहे. पण साठीच्या आसपासचे वय, टाच, काळा रंग आणि वर्षभर न जाणे या चार गोष्टी एकत्र आल्या की नुसत्या अंदाजावर सोडून चालत नाही.

आता भाच्याचे म्हणणे. त्याच्या गावी ते खरेच आहे. ऑस्ट्रेलियात दर वर्षी लाखामागे तिसाहून जास्त लोकांना मेलानोमा होतो, भारतात लाखामागे एकालाही नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि आपल्यात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक आहे तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. आपले मेलॅनिन छत्रीचे काम करते, म्हणून उन्हामुळे होणारा मेलानोमा आपल्याकडे फारच कमी. पण या रोगाचा एक प्रकार उन्हाला विचारत नाही. तो तळपायाला, तळहाताला आणि नखाखाली होतो. त्याला अॅक्रल मेलानोमा म्हणतात. तो जगात सगळीकडेच दुर्मीळ आहे, पण आपल्यात दुसरे प्रकार फार कमी असल्यामुळे होणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा राहतो. तळव्यावर टाच ही त्याची आवडती जागा. भार आणि घर्षण पडणाऱ्या भागांवर तो जास्त का दिसतो याचा जपानी संशोधकांनी अभ्यास केला आहे आणि दाबाचा काही संबंध असावा असे दिसते. यावरून नवरात्रात अनवाणी राहिल्याने किंवा जोतिबाचा डोंगर चढल्याने कॅन्सर होतो असा अर्थ मात्र काढू नका. तसे कोणी सिद्ध केलेले नाही.

म्हणजे सनस्क्रीनची ट्यूब घेऊन तळपायाचा मेलानोमा टळत नाही. तो टाळण्याचा खात्रीचा उपायच नाही. लवकर दिसणे एवढेच हातात आहे, आणि गंमत म्हणजे आपण रोज आरशात चेहरा बघतो, तळवा वर्षानुवर्षे कोणी बघत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला तो याच प्रकाराने. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा होता, आणि फुटबॉल खेळताना झालेली इजा म्हणून तो आधी दुर्लक्षित राहिला होता.

टाचेवरच्या काळ्याचे चार-पाच प्रकार आपल्याकडे नेहमी एकाच नावाने, कुरूप म्हणून, खपतात. ते वेगळे ओळखायचे असे.

खरे कुरूप रंगाने पिवळट किंवा राखाडी असते. मधोमध काचेसारखा कडक खडा असतो, त्यावर सरळ बोट दाबले की कळ येते. त्याला स्वतःचा काळा रंग नसतो. काळे झाले असेल तर मातीने, चपलेच्या रंगाने किंवा आत रक्त साकळल्याने. चामखीळ तळव्यावर आली की आत चपटी दबून बसते. दोन बोटांच्या चिमटीत बाजूंनी दाबली की जास्त दुखते, आणि तिच्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात. ते रक्तवाहिन्यांत गोठलेले रक्त असते. तिसरा प्रकार तालमीतल्या आणि मैदानावरच्या पोरांचा: टाचेच्या कडेला, बूट घासतो तिथे, काळसर ठिपक्यांचा झुबका. अचानक पळणे-थांबणे यात कातडीत बारीक रक्तस्राव होऊन तो येतो. डॉक्टरांनी वरची मेलेली कातडी हलकेच खरवडली की त्याबरोबर निघून जातो. चौथा म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली की तळव्याला बसणारा तपकिरी रंग. तो सपाट असतो, चपलेच्या आकाराने पसरलेला, आणि काही दिवसांत फिकटतो. बिब्ब्याचा डाग मात्र फसवा. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, पाणी भरलेले फोड येतात, मग काळी खपली धरते आणि तिच्याखाली मूळचे काय होते ते कोणालाच, डॉक्टरलाही, दिसेनासे होते. रुईच्या चिकाचे आणि चुना-सोड्याचेही तेच.

मेलानोमा सुरुवातीला सपाट डाग असतो. सांडलेल्या शाईसारखा: कुठे तपकिरी, कुठे काळा, कुठे करडा-निळसर, आणि कडा कुठे स्पष्ट तर कुठे विरत गेलेली. तो सहसा दुखत नाही, खाजत नाही. लोक नेमके इथेच चुकतात. दुखत नाही म्हणजे साधे, असा आपला हिशेब असतो, पण कुरूप दुखते आणि हा दुखत नाही. महिनोन्‌महिने पसरल्यावर त्याच्यात एखादी गाठ वर येते, मग पाणी झिरपते, चालताना रक्त लागते, आणि तेव्हा घरचे दवाखान्यात आणतात. काही मेलानोमांत तर काळा रंग नसतोच. गुलाबी मांसल गोळा दिसतो आणि तो काटा मोडून झालेली जखम किंवा मधुमेहाची जखम म्हणून महिनोन्‌महिने ड्रेसिंगवर राहतो. म्हणून तळव्याची कोणतीही जखम, साखर असो वा नसो, नीट उपचार करूनही दोन महिन्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायलाच हवा.

एक साधी कसोटी घरी करता येते. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, साबण लावून वजरीने हलके घासा, पुसा, वाळू द्या. रंग निघाला किंवा फिकटला तर तो वरचा. तसाच राहिला तर तो कातडीच्या आतला. आतला रंग म्हणजे मेलानोमा असे नव्हे, तळव्यावर साधे तीळही असतात आणि आपल्यात ते कमी नाहीत. (तळपायाला तीळ असला की परदेश प्रवास घडतो म्हणतात, त्याचा खरेखोटेपणा सोडा, तो तीळ बघण्याचे निमित्त म्हणून समज चांगला आहे.) डॉक्टर त्यावर डर्मोस्कोप ठेवतात, म्हणजे दिवा लावलेले साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग. ऊस करणाऱ्याला हे पटकन समजेल: तळव्याच्या कातडीवर सरी-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साचतो, मेलानोमाचा वरंब्यावर चढतो. घामाची छिद्रे वरंब्यावर असतात, त्यामुळे कोणती पट्टी कोणती हे भिंगातून कळते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक दिसत नाही. तपासणीला जाल तेव्हा डर्मोस्कोपने बघणार का, असे सरळ विचारा. सरीतल्या नेहमीच्या नक्षीत न बसणारा, ७ मिमीहून मोठा डाग असेल तर तुकडा तपासतात.

नखांचा विषय वेगळा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने सुरू झाले की काळी नखे घेऊन येणारी पोरे असतातच. बूट घट्ट, चेंडूवर जोरात टोच, की अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळते. ते रक्त की रंग, हे ओळखायला नखाची वाढच उपयोगी पडते. काळ्याची मुळाकडची कड जिथे आहे तिथे नखावर कानशीने बारीक आडवी खूण करा. पायाचे नख महिन्याला एक ते दीड मिमी वाढते, हाताचे साधारण तीन. दोन महिन्यांनी खूण पुढे सरकलेली असेल, काळेही तिच्याबरोबर पुढे गेले असेल आणि मुळाशी स्वच्छ नख आले असेल तर ते रक्त. अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते, तेवढा धीर धरावा. पण खूण पुढे गेली आणि काळे मुळाशी तसेच राहिले, तर तो रंग मुळातूनच तयार होतोय.

मुळापासून टोकापर्यंत उभी तपकिरी रेघ सावळ्या माणसांत खूप वेळा दिसते. अनेक नखांवर, फिकट, सारख्या जाडीच्या रेघा वयाबरोबर येतात. बी १२ कमी असले, काही औषधे चालू असली तरी येतात. त्यांना घाबरू नका. घाबरायचे ते एकाच नखावरच्या रेघेला, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावरच्या. चाळिशीनंतर नव्याने आलेली, ३ मिमी किंवा त्याहून रुंद, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळती, वेगवेगळ्या छटांची. निमुळती रेघ म्हणजे मुळाशी ती रोज रुंदावते आहे. टोकाचे नख जुने, मुळाचे नवे, हे लक्षात घेतले की कळते. आणि नखाच्या मागच्या कातडीवर रंग उतरला असेल तर एक दिवस थांबू नका. नखाला चीर पडणे, नख उचलले जाणे, कडेला न बरे होणारे नखुरडे, हेही त्यातच. मेंदी आणि नेलपॉलिशखाली हे काहीच दिसत नाही. महिन्यातून एकदा नखे उघडी हवीत. लहान मुलांच्या नखावरची रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, डॉक्टरांना दाखवून लक्ष ठेवले की पुरते.

बाकी अंगावरच्या तिळांचे थोडक्यात. काळजीच्या खुणा पाच: दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेडीवाकडी, एकाहून जास्त रंग, ६ मिमीहून मोठा, आणि बदलतोय. या पाचांपैकी शेवटचे सगळ्यांत वजनदार. वीस वर्षे तसाच असलेला मोठा मस मला कमी चिंतेचा वाटतो. सहा महिन्यांत वाढलेला लहान ठिपका जास्त. दुसरी युक्ती: माणसाचे तीळ सहसा एकमेकांसारखे असतात. कळपात एखादे ढोर वेगळे पडावे तसा एकच तीळ वेगळा दिसत असेल तर तो दाखवा. आणि टणक, उंच, महिनाभर सतत वाढणारी गाठ काळी असो वा लाल, वरच्या पाचांत बसली नाही तरी दाखवा. गालांवरचे जोंधळ्याएवढे काळे उंचवटे, म्हातारपणी पाठीवर मेणाच्या चिकटवल्यासारख्या येणाऱ्या तपकिरी चकत्या, वांग, शिबे, यांचा मेलानोमाशी संबंध नाही. बहुतेक मेलानोमा जुन्या तिळात होतच नाहीत, कोऱ्या कातडीवर नव्याने येतात. त्यामुळे अंगावरचे शंभर तीळ मोजत बसण्यापेक्षा चाळिशीनंतर नवा कोणता आला ते बघणे शहाणपणाचे.

कोणी जास्त जपायचे? स्वतःला आधी मेलानोमा झालेला किंवा आई-वडील, भावंडांत झालेला असेल तो. जन्मापासूनची केसाळ काळी लास, मोठ्यापणी वीस सेंटिमीटरहून मोठी होणारी, असेल तो. मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेणारा. जन्मजात पांढरी कातडी असलेला. त्याला मेलानोमापेक्षा दुसरे त्वचेचे कॅन्सर जास्त होतात आणि त्याला मात्र ऊन टाळणे, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन रोज हवेच. कोड असलेल्यांना मेलानोमाचा धोका उलट कमी दिसतो, ते लोक विनाकारण घाबरतात. आपल्या भागात मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत आहे म्हणून एक सांगून ठेवतो: लहान मुलाला थोड्या उन्हानेच भाजते, पाच वर्षांच्या आत चेहऱ्यावर दाट ठिपके उठतात, डोळ्यांना उजेड सोसत नाही, असे असेल तर झिरोडर्मा पिगमेंटोझम हा आनुवंशिक विकार तपासून घ्या. नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो आणि त्यात बालपणीच त्वचेचे कॅन्सर होतात. जुन्या भाजल्याच्या व्रणात वर्षांनी जखम होऊन ती चिघळू लागली तर तोही दाखवायचा विषय, पण तो कॅन्सर बहुधा मेलानोमा नसतो.

आता तपासणी. दिवस ठरवून टाका. अमावास्येला रानातली कामे बंद ठेवणारी घरे अजून आहेत, त्यांना तोच दिवस सोयीचा. अंघोळीनंतर, खिडकीशी, उजेड बाजूने पडेल असे पाटावर बसा. एक पाय दुसऱ्या मांडीवर. आधी टाचेची मागची कड, मग खालची बाजू, कमान, चवडा, आणि बोटांची पेरे. प्रत्येक बोटाची खाच ताणून उघडा. चिखल्या झालेल्यांनी पांढरी भिजकी कातडी पुसून मग बघावे. बायकांनी जोडवी काढूनच. पाय झाले की नखे, तळहात, बोटांमधल्या जागा. मग तोंड: टाळू आणि वरच्या हिरड्या आरशात. मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्या काळ्या असतातच, पण दोन्ही बाजूंना सारख्या. एका बाजूचा, नवा, पसरणारा काळा पट्टा वेगळा. पाठ, डोके, कानामागे यासाठी दुसरे माणूस लागते, डोक्यासाठी कंगव्याने भांग पाडत जायचे. जांघ आणि गुप्तांगही सोडू नका. सगळे दहा-पंधरा मिनिटांचे काम. ज्यांचे गुडघे वळत नाहीत त्यांना खाटेवर पालथे झोपवून नातवाने फोनने तळव्यांचे फोटो काढले तरी चालते.

फोटोचा उपयोग आठवण म्हणून, निदान म्हणून नव्हे. डागाशेजारी शाळेतली मिमीची पट्टी ठेवा, एक फोटो लांबून (कोणत्या पायाचा, कुठला भाग हे कळेल असा), एक जवळून, फ्लॅश बंद. तळवा ओला असेल तर चकाकतो आणि रंग खोटा येतो. डॉक्टरांना पाठवायचा तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कडा पुसल्या जातात.

वडिलांना नेताना जांघेत हात लावून बघा. तळव्याचा मेलानोमा पसरला तर बहुधा पहिल्यांदा त्याच बाजूच्या जांघेत उतरतो. तिथे अवधाण (सुजलेली गाठ) आले असेल, टणक आणि न दुखणारे, तर डॉक्टरांना आपणहून सांगा; चिखल्या पिकल्यानेही अवधाण येते, ते मात्र दुखते. हाताचा असेल तर काख. डाग केव्हा दिसला, केव्हा तासला, काय काय लावले, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्या. बिब्बा घातल्याचे लपवू नका, रागावले तरी चालेल. तो घातल्याचे कळले नाही तर डाग चुकीचा वाचला जातो.

तुकडा काढायचा म्हटल्यावर घरात पहिला आवाज उठतो, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. पसरत नाही. पसरतो तो थांबल्याने. लहान डाग असेल तर जागा बधिर करून १ ते ३ मिमीची कड ठेवून आख्खा काढतात आणि पॅथॉलॉजीला देतात. टाचेवरचा मोठा असेल तर सगळ्यांत जाड किंवा काळ्या जागेचा खोल तुकडा घेतात. नखाच्या रेघेसाठी नखाचे कातरलेले टोक पुरत नाही, मुळाचा तुकडा लागतो. खरी चूक ती ही: जाळून काढणे, लेसर मारणे, पार्लरमध्ये तीळ उडवणे. जळलेल्या तिळाची तपासणी होत नाही. काढलेला कोणताही तीळ कचऱ्यात जाता कामा नये, तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जायला हवा.

रिपोर्टमध्ये मेलानोमा आलाच तर एक आकडा आधी शोधा: ब्रेस्लो जाडी, मिलिमीटरमध्ये. १९७० मध्ये ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने दाखवले की रोग किती पसरला त्यापेक्षा कातडीत किती खोल गेला यावर पुढचे ठरते. १ मिमीच्या आत असताना काढला तर दहातले नऊहून अधिक पाच वर्षांनी ठीक असतात, ४ मिमीच्या पुढे चित्र फार बदलते. शस्त्रक्रियेत डागाभोवतीची किती चांगली कातडी काढायची तेही त्यावरच: १ मिमीपर्यंत सभोवार १ सेंमी, २ मिमीच्या पुढे २ सेंमी, ०.८ मिमीच्या पुढे किंवा वर जखम असेल तर जांघेतली पहिली गाठ, म्हणजे रोग पसरताना आधी जिथे पोचतो ती, तपासण्याचा विचार. टाचेवर एवढी कातडी काढली की दुसरीकडची कातडी लावावी लागते आणि काही आठवडे टाच टेकायची नसते, तेव्हा तोडणीच्या दिवसांचा हिशेब आधीच करून ठेवा. पण तोडणी संपू दे मग बघू, असे मात्र नको.

कोल्हापुरात सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) त्वचारोग विभागात सुरुवातीची तपासणी होते. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर असू द्या. पुढे मुंबईला टाटा मेमोरियलला जायची वेळ आली तर नुसता कागदी रिपोर्ट घेऊन जाऊ नका. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, सही करून मिळतो. ते पुन्हा भिंगाखाली बघितल्याशिवाय पुढचे ठरवत नाहीत, आणि ब्लॉक इकडे राहिला की केवळ तो आणायला एक फेरी वाया जाते.